‘भ्या वाटलं नाही बे!’ : दंतकथेवरच्या भयपटांबद्दलची मतं कशी वाचायची

रात्री गावातल्या पुरुषांना पळवून नेणाऱ्या चेटकिणीवरचा ‘स्त्री’ हा हिंदी विनोदी भयपट ३१ ऑगस्ट २०१८ ला आला, तेव्हा जुळे सोलापुरातल्या आमच्या अपार्टमेंटमधली चार बिऱ्हाडं वेगवेगळ्या दिवशी जाऊन तो बघून आली. पंकज त्रिपाठी आवडला यावर सगळ्यांचं एकमत. त्यापुढे जो वाद सुरू झाला तो गणपती येईपर्यंत चालला. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी इंजिनिअरिंगची पोरं म्हणाली, “पिच्चर कडक हाय बे, पण भ्या कुठं वाटलं?” समोरच्या वहिनींचा मुलगा त्या दिवसापासून रात्री दिवा बंद करू देईना. असला सिनेमा विनोदी म्हणून विकणं हीच फसवणूक, असं वहिनींचं म्हणणं. गणिताचे निवृत्त सर शेवटावर अडून बसले होते. ती नायिका नेमकी कोण, हे सांगितलंच नाही म्हणे. तळमजल्यावरच्या काकूंचं माहेर आळंदकडचं, घरात अजून कन्नड बोलतात. त्यांची तक्रार सगळ्यांत न्यारी होती. “गोष्ट आमच्याकडची, आणि नेऊन ठेवली मध्य प्रदेशात. शिवाय ती नुसत्या बाप्यांनाच नेती असं कुणी सांगितलं ह्यांना? दार उघडंल त्याला न्यायची.”

काकूंचा मुद्दा बिनबुडाचा नव्हता. ‘स्त्री’मागची गोष्ट मूळची कर्नाटकातली. १९९० च्या दशकात बेंगळुरूत आणि राज्यात इतरत्र अशी बोलवा होती की रात्री एक चेटकीण दारं ठोठावते, घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात हाक मारते, आणि दार उघडणारा वाचत नाही. लोकांनी उपाय काढला. दारावर ‘नाळे बा’ लिहायचं, म्हणजे ‘उद्या ये’. ती वाचते, परत जाते, दुसऱ्या रात्री येऊन पुन्हा तेच वाचते. सिनेमाने ही युक्ती चंदेरी गावातल्या भिंतींवर ‘ओ स्त्री कल आना’ अशी उतरवली. विजापूर रस्त्याने टाकळीला भीमा ओलांडली की कर्नाटक लागतं. त्यामुळे सोलापुरात हा सिनेमा बघणाऱ्यांमध्ये गोष्ट आधीपासून ठाऊक असलेले लोक निघाले, तर त्यात नवल नाही. मराठी घरांतसुद्धा रात्रीच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असं आजी सांगायचीच की.

चौघांची मतं ऐकताना वाटतं की एकाच सिनेमाला हे वेगवेगळे मार्क देताहेत. माझ्या मते प्रश्नपत्रिकाच चार होत्या. पोरं विचारत होती, मला घाबरवलं का? वहिनी विचारत होत्या, जे सांगून तिकीट विकलं तेच दाखवलं का? सरांना गणित सुटलेलं हवं होतं. काकू मात्र डोक्यातली गोष्ट आणि पडद्यावरची गोष्ट शेजारी ठेवून ताडून बघत होत्या. दंतकथेवरच्या भयपटाला हा चौथा प्रश्न हमखास चिकटतो, आणि इथेच तो इतर भयपटांपासून वेगळा पडतो.

गोष्ट दोन मिनिटांची, सिनेमा दोन तासांचा

शहरी दंतकथा म्हणजे शहरातलीच गोष्ट असं काही नाही. पुराणातल्या किंवा राजाराणीच्या गोष्टीत काळ दूरचा असतो, सांगणाऱ्याने ती स्वतः पाहिल्याचा दावा नसतो. शहरी दंतकथा मात्र परवाच घडलेली असते, ओळखीच्या रस्त्यावर घडलेली असते आणि ‘माझ्या मित्राच्या मित्राला’ घडलेली असते. मित्राला नाही. तसं असतं तर फोन करून विचारता आलं असतं. अमेरिकेतले लोकसाहित्याचे अभ्यासक यान हॅरॉल्ड ब्रुनवांड यांनी १९८१ मध्ये अशा गोष्टींवर पुस्तक लिहिलं आणि हा विषय सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेला. त्या पुस्तकाला नाव मिळालं ते लिफ्ट मागून गाडीत बसणाऱ्या आणि वाटेत नाहीशा होणाऱ्या प्रवाशाच्या गोष्टीवरून. आपल्याकडे तीच गोष्ट पांढऱ्या साडीतल्या बाईची होते. महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक घाटाला ही बाई मिळालेली आहे. आपल्या भागात घाट नाही, तेव्हा ती पुलाच्या कठड्याशी नाहीतर एखाद्या जुन्या चिंचेखाली उभी राहते. गावाप्रमाणे चिंच बदलते, बाई तीच.

या गोष्टी टिकतात त्या अपुऱ्या असतात म्हणून. ती बाई कोण, कशाने मेली, तिला हवंय काय, हे कुणी फारसं विचारत नाही आणि सांगणाराही सांगत बसत नाही. तो एक जागा सांगतो, एक नियम सांगतो (दार उघडू नको, मागे वळू नको, आरशासमोर नाव घेऊ नको) आणि गप्प बसतो. उरलेलं काम ऐकणाऱ्याच्या डोक्यात रात्री दोन वाजता होतं. सांगायला दोन मिनिटं लागतात.

आता याच्यावर दोन तासांचा सिनेमा काढायचा आहे. दिग्दर्शकाला भर घालावीच लागते. भुताला भूतकाळ द्यायचा, अन्यायाची कथा द्यायची, एक जाणकार म्हातारा किंवा जुनी पोथी आणायची, उपाय शोधायचा, शेवटी सामना घडवायचा. आणि प्रेक्षक भांडतात ते नेमके या भरीवरून. मूळ गोष्टीबद्दल वाईट बोलणारा क्वचित भेटतो. ‘पहिला अर्धा भाग जबरदस्त, नंतर ढेपाळला’ हे वाक्य भयपटांबद्दल इतक्यांदा का ऐकू येतं, त्याचं कारण मला तरी इथेच दिसतं. पहिल्या अर्ध्या भागात दंतकथा असते. दुसऱ्यात तिचं स्पष्टीकरण.

स्पष्टीकरण आलं की भीती उतरते. भुताला नाव, गाव, तक्रार मिळाली की ते भूत राहत नाही, एक पीडित व्यक्ती होते. आपल्याला तिची दया येते. काही प्रेक्षकांना हाच सिनेमाचा कळस वाटतो. ‘स्त्री’मध्ये तिची मागणी इज्जतीची आणि प्रेमाची आहे, रात्री बाहेर पडायला पुरुष घाबरतात आणि बायका त्यांना ‘घरीच थांब’ म्हणतात, ही उलटापालट अनेकांना भुतापेक्षा जास्त भावली. त्यांच्या दृष्टीने ‘भ्या वाटलं नाही’ हा आरोपच गैरलागू. उलट ज्याला फक्त अंगावर काटा हवा होता, त्याला हे भाषण वाटलं. दोघांपैकी कुणालाही खोटं पाडता येत नाही.

हिंदी प्रेक्षक स्पष्टीकरणाच्या बाबतीत जरा जास्तच हट्टी आहे, असं माझं निरीक्षण. भूत चालतं, पण भुताचं ‘लॉजिक’ लागतं. भिंतीवरचा मजकूर वाचून परत जाणारी चेटकीण आपण मान्य करतो, आणि नायिकेने शेवटी वेणी का नेली यावर मात्र रात्रभर चर्चा. गंमत वाटते, पण यात एक शिस्त आहे. दंतकथेने घालून दिलेला नियम प्रेक्षक मुकाट्याने स्वीकारतो. सिनेमाने तो मध्येच मोडला, तर मात्र माफ करत नाही.

शेवट मार्क का खातो

सरांसारखे प्रेक्षक शेवटावर अडतात, त्यालाही कारण आहे. माणूस अनुभवाची सरासरी काढत नाही. अनुभवातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवटचे क्षण त्याच्या आठवणीत भारी ठरतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात हात ६० सेकंद ठेवायला सांगितला. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेलं. मग विचारलं, यातलं पुन्हा काय कराल? बहुतेकांनी दुसरं निवडलं. एकूण त्रास जास्त, पण शेवट जरा बरा.

भयपटात हे उलट्या बाजूने घडतं. पावणेदोन तास छान घाबरलेला माणूस शेवटच्या दहा मिनिटांत संगणकावर काढलेलं ढोबळ भूत बघून बाहेर येतो आणि पार्किंगमध्ये गाडी काढताना ‘टाइमपास’ म्हणून मोकळा होतो. मतं नोंदवली जातात ती याच घडीला. अमेरिकेत सिनेमास्कोअर नावाची संस्था प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून ए प्लसपासून एफपर्यंत श्रेणी घेते. भयपटांना तिथे बहुतेकदा बी-सीच्या घरातली श्रेणी मिळते. २०१३ च्या ‘द कॉन्ज्युरिंग’ला ए मायनस मिळालं, त्याचं म्हणूनच कौतुक झालं. २०१८ च्या ‘हेरेडिटरी’ची समीक्षकांनी तोंडभरून स्तुती केली, प्रेक्षकांनी त्याला डी प्लस दिलं. सिनेमा तोच, पण शेवट बघून तडक बाहेर पडलेल्या माणसाने दिलेली श्रेणी आणि आठवडाभर विचार करून लिहिलेलं परीक्षण यांची तुलना होत नाही.

‘भीती वाटली नाही’ आणि ‘फार वाटली’

डेन्मार्कमधल्या ऑर्हस विद्यापीठात करमणुकीसाठी घेतलेल्या भीतीचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. तिथल्या संशोधकांनी एका भुताच्या घरात शिरणाऱ्या ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजले, कॅमेऱ्यातून चेहरे पाहिले आणि मजा किती आली ते विचारलं. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. भीती आणि मजा यांचा आलेख टेकडीसारखा निघाला. भीती वाढत गेली तशी मजा वाढली, एका टप्प्यावर शिखर गाठलं, आणि त्यापुढे भीती वाढली तशी मजा उतरत गेली.

म्हणजे एखाद्याने कमी मार्क दिले, तर तो टेकडीच्या कुठल्या उतारावर उभा आहे हे आधी बघावं लागतं. ‘काहीच झालं नाही’ म्हणणारा अलीकडच्या उतारावर आहे आणि ‘बघवत नाही’ म्हणणारा पलीकडच्या. दोघांनी दोन-दोन तारे दिले, तर ॲपला ते सारखेच दिसतात. वाचणाऱ्याला मात्र त्यातून सिनेमाबद्दल दोन विरुद्ध गोष्टी कळायला हव्यात. नेहमी भयपट बघणाऱ्याचं शिखर बरंच पुढे सरकलेलं असतं. लहान मुलाचं अगदी जवळ असतं.

भीतीनंतर हसू का फुटतं, याचंही उत्तर आहे. अभ्यासक डॉल्फ झिलमन यांनी मांडलेल्या कल्पनेनुसार धोका टळला तरी शरीराची उत्तेजना लगेच ओसरत नाही. छाती धडधडतच असते. त्या उरलेल्या उत्तेजनेवर पुढची भावना स्वार होते आणि एरवी हसू आलं असतं तिथे माणूस खदखदून हसतो. भुताचे विनोदी सिनेमे यावरच चालतात. सोलापूरच्या एकपडदा थिएटरात तर प्रेक्षक स्वतःच हे काम करतात. भूत नायकाच्या मागे उभं राहिलं की खालच्या रांगांमधून हमखास आवाज येतो, “मागं बघ की बे!” सगळं थिएटर हसतं, आणि पुढच्याच क्षणी खरा दचका बसतो. मोबाईलवर कानात हेडफोन घालून तोच सिनेमा पाहणाऱ्याला दचका मिळेल, ही गंमत मिळणार नाही. म्हणून मत वाचताना कुठे बसून पाहिलं हेही बघावं. ‘थिएटरमध्ये धमाल, घरी बोअर’ असं लोक लिहितात, तेव्हा त्यात विसंगती नसते.

‘सत्यघटनेवर आधारित’

दंतकथेवरचा सिनेमा आला की या ओळीचा मोह निर्मात्यांना आवरत नाही. ‘स्त्री’ने निदान खोडसाळपणा कबूल केला होता. त्याच्या जाहिरातीत ‘हास्यास्पद वाटावी इतक्या खऱ्या घटनेवर आधारित’ अशा अर्थाची ओळ होती. १९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने मात्र चेटकिणीची दंतकथाच स्वतः रचली, ती मेरीलँडमधल्या बर्किट्सव्हिल या खऱ्या गावाला चिकटवली, संकेतस्थळावर खोट्या नोंदी टाकल्या आणि कलाकार बेपत्ता असल्याची पत्रकं वाटली. सिनेमाने जगभरात जवळपास २५ कोटी डॉलर मिळवले. सिनेमास्कोअरची श्रेणी मात्र सी प्लस. सगळं खरं आहे असं समजून गेलेला प्रेक्षक आणि खोटं आहे हे कळून गेलेला प्रेक्षक यांनी पडद्यावर दोन वेगळे सिनेमे पाहिले, असं म्हटलं तरी चालेल.

कधी उलटही होतं. आरशासमोर पाच वेळा नाव घेतलं की येणाऱ्या भुताचा ‘कँडीमॅन’ १९९२ मध्ये आला. त्यात न्हाणीघरातल्या औषधांच्या कपाटामागून शेजारच्या घरात शिरता येतं, असं दाखवलं आहे. ते कल्पनेतलं वाटतं, पण १९८७ मध्ये शिकागोच्या एका सरकारी वसाहतीत मारेकरी खरोखर याच वाटेने घरात शिरले होते. हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला भुतापेक्षा ते कपाट जास्त घाबरवतं.

इथे माझा सूर जरा बदलतो. दंतकथा आणि अफवा यांच्यात भिंत नसते, आणि हे सोलापूर जिल्ह्याला कुणी समजावून सांगायला नको. १ जुलै २०१८ रोजी, म्हणजे ‘स्त्री’ येण्याच्या दोन महिने आधी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ५ जणांना ठेचून मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते, आणि त्यांच्यात आपल्या मंगळवेढा तालुक्यातले लोक होते. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या त्या संदेशांची घडण दंतकथेचीच होती. कुणाच्या तरी ओळखीच्या गावात, परवाच, अनोळखी माणसं. त्या घटनेनंतर ‘सत्यघटनेवर आधारित’ ही पाटी बघून ज्याला हसू येत नाही, त्याच्या मताला अरसिक म्हणायला मी तयार नाही.

अमेरिकेत असंच ‘स्लेंडर मॅन’च्या बाबतीत झालं. हे पात्र २००९ मध्ये इंटरनेटवर एकाने रचलं. २०१४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या दोन १२ वर्षांच्या मुलींनी त्याच्या नादाने आपल्याच मैत्रिणीवर चाकूने वार केले. ती वाचली. २०१८ मध्ये सिनेमा आला तेव्हा त्या भागातल्या थिएटरांच्या एका साखळीने तो लावलाच नाही. प्रेक्षकांनी डी मायनस दिलं, ते बहुधा सिनेमा रटाळ होता म्हणून. पण तो काढायलाच नको होता, असं म्हणणारा आवाजही त्या गोंधळात होता, आणि ताऱ्यांच्या हिशेबात असा आवाज मावत नाही.

आपल्याकडे या आवाजाला आणखी एक पदर आहे. शेवटी मांत्रिक जिंकतो अशा सिनेमांवर अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतले लोक आक्षेप घेतात. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ मध्ये आला, त्याच वर्षी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला होता. मला स्वतःला पडद्यावरचं भूत चालतं. भुतावरचा उतारा खरा म्हणून दाखवला की मी अस्वस्थ होतो.

आकड्याच्या पोटात

समजा दहा जणांनी एका सिनेमाला १० पैकी ६ दिले. सरासरी ६. दुसऱ्या सिनेमाला पाच जणांनी १० दिले, पाच जणांनी २. सरासरी तीच. पहिला सिनेमा सगळ्यांना ‘ठीक’ वाटला, दुसऱ्यावरून घरात भांडणं झाली. दंतकथेवरचे भयपट बऱ्याचदा दुसऱ्या जातीचे असतात, म्हणून त्यांची सरासरी फसवी ठरते. परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर समीक्षकांच्या नावाने जी टक्केवारी दिसते ती तर सरासरीही नसते. किती जणांचं मत अनुकूल, एवढंच ती सांगते. सगळेच्या सगळे ‘एकदा बघायला हरकत नाही’ म्हणाले, तरी १०० टक्के. प्रेक्षकांचे गुण गोळा करणारं आयएमडीबी हे संकेतस्थळ भारित सरासरी (सगळ्या मतांना सारखं वजन न देता) काढतं आणि तिचं पूर्ण सूत्र उघड करत नाही. आणि मुळात लिहायला बसतात ते बहुतेक खूश झालेले किंवा चिडलेले. मधला प्रेक्षक भाकरी खाऊन झोपतो.

त्यामुळे मी आकडा सोडतो आणि तक्रारी वाचतो. ‘संथ आहे’ अशी तक्रार खूप जणांची असेल, तर मला तो सिनेमा आवडण्याची शक्यता जास्त, कारण मला दचक्यांपेक्षा वाट बघायला लावणारी भीती आवडते. ‘आवाज फार मोठा’ असं लिहिलेलं दिसलं की समजायचं, भुताचं काम ढोलाने केलंय. ‘मूळ गोष्ट अशी नाही’ ही तक्रार मी आनंदाने वाचतो. सिनेमा बरा असो वा वाईट, त्या माणसाकडून एक नवा पाठभेद फुकट मिळतो. मुलांना नेणार असाल, तर मतांपेक्षा प्रमाणपत्र बघा. २०२४ च्या नियमांनी यूए गटाचे ७, १३ आणि १६ वर्षांवरचे असे तीन भाग केले आहेत, आणि पोस्टरवरचं ‘हॉरर कॉमेडी’ त्यापुढे काही कामाचं नाही.

मत कुठल्या तारखेचं आहे हेही बघा. पहिल्या शुक्रवारी जाणारे एकतर चाहते असतात नाहीतर चुका काढायला टपलेले, आणि दोघंही घाईत लिहितात. ‘तुंबाड’ हा भयपट ऑक्टोबर २०१८ मध्ये आला तेव्हा त्याला बेताचीच गर्दी झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लावला, तर पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई झाली. मी आता अशा सिनेमांना पहिल्या शनिवार-रविवारी जातच नाही. मंगळवार-बुधवारपर्यंत मतं जरा निवळतात, आणि थिएटरात मनासारखी जागा मिळते.